राज्याकडे शिल्लक, कौंटीकडे ओढाताण: टेक्सासमधल्या तुमच्या घरपट्टीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा होता: "फ्रिस्कोत २०२१ साली घर घेतलं. २०२५ च्या नोव्हेंबरात मत देऊन आलो, शाळेच्या टॅक्समधली सूट १ लाख ४० हजार डॉलर झाली. राज्याकडे अब्जावधी डॉलर शिल्लक आहेत असं सगळीकडे वाचतो. मग माझ्या बिलातली कौंटीची ओळ वाढलेलीच का? वर कौंटीवाले पैसे पुरत नाहीत म्हणून रडतात. दोघांत खोटं कोण बोलतंय? आणि २०२७ च्या अधिवेशनात प्रॉपर्टी टॅक्स जाणार, हे खरं का?"

खोटं कोणीच बोलत नाही. जुन्या एकत्र कुटुंबात कोठीच्या किल्ल्या सासूच्या कमरेला असायच्या आणि चूल सुनेकडे. टेक्सासमध्ये राज्य आणि कौंटी (म्हणजे साधारण आपला जिल्हा) यांचं नातं तसंच आहे: किल्ल्या राज्याकडे, चूल कौंटीकडे. पाहुणे किती बोलवायचे तेही सासूच ठरवते. मी वीसेक वर्षं इथल्या स्थानिक सरकारांच्या बजेटचं काम करतोय, त्यातली बरीच चुलीपाशीच गेली. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते आधीच सांगून टाकतो. आकडे मात्र कल बघून बदलत नाहीत.

तुमच्या बिलापासूनच सुरू करू. टेक्सासमध्ये राज्याचा स्वतःचा प्रॉपर्टी टॅक्स नाही, राज्याच्या घटनेनेच मनाई आहे. तुमच्या बिलावर चार ओळी असतील: शाळा, शहर, कौंटी आणि कॉलेज. फ्रिस्कोचा बराच भाग ज्यात येतो त्या कॉलिन कौंटीचा दर गेल्या काही वर्षांत १०० डॉलरमागे साधारण १५ सेंट राहिलाय. शाळेचा दर एका डॉलरच्या आसपास. म्हणजे बिलातला सगळ्यात मोठा घास शाळेचा, आणि ओरडा मात्र बहुतेक वेळा कौंटीच्या नावाने, कारण बिल कौंटीच्या ऑफिसातून येतं. (तुमचं घर फ्रिस्कोच्या पश्चिमेला असेल तर कौंटी डेंटन. पोस्टाचा पत्ता एकच असतो, म्हणून लोक गोंधळतात.)

मग दर तोच असताना ओळ वाढली कशी? याचं उत्तर आहे होमस्टेडची १० टक्क्यांची मर्यादा. राहत्या घराची टॅक्सेबल व्हॅल्यू वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. ही मर्यादा दिलासा म्हणून ओळखली जाते आणि तो दिलासाच आहे, पण थकबाकीसारखा साठत जातो. समजा २०२३ मध्ये तुमच्या घराचा बाजारभाव ७ लाख धरला गेला, पण मर्यादेमुळे टॅक्स लागला साडेपाच लाखांवर. २०२४ मध्ये बाजारभाव उतरून ६ लाख ९० हजार झाला, टॅक्सेबल व्हॅल्यू मात्र १० टक्के चढून ६ लाख ५ हजार. २०२५ मध्ये भाव आणखी उतरून ६ लाख ८० हजार, आणि टॅक्सेबल ६ लाख ६५ हजार ५००. घराचा भाव दोन वर्षं घसरतोय आणि टॅक्स दोन वर्षं चढतोय. एप्रिलात घराच्या नव्या किंमतीची नोटीस आली की "झिलोवर (घरांचे भाव दाखवणारी वेबसाइट) तर भाव पडलेत" म्हणून फोन येतात ते यामुळेच. २०२१-२२ ची तेजी तुम्ही आता हप्त्याने भरताय.

याच आकड्यांवर शाळेची ओळ बघा. २०२४ मध्ये १ लाखाची सूट वजा जाता ५ लाख ५ हजारांवर टॅक्स, एका डॉलरच्या दराने ५,०५० डॉलर. २०२५ मध्ये १ लाख ४० हजार वजा करून ५ लाख २५ हजार ५००, म्हणजे ५,२५५ डॉलर. सूट वाढली नसती तर ५,६५५ भरले असते. म्हणजे तुम्ही मत देऊन आलात त्याचे ४०० डॉलर तुम्हाला मिळाले, फक्त ते वाढीच्या पोटात गेले. कौंटीकडे ही लाखाची सूट लागूच नाही. कॉलिनमध्ये होमस्टेडला ५ टक्क्यांची सूट आहे, त्यानंतर १५ सेंटच्या हिशेबाने ८६२ चे ९४८ डॉलर झाले. ८६ डॉलरची वाढ. रागावायचं असेल तर जरूर रागवा, पण या दोन ओळींच्या मिळून ६ हजारांपुढे हे ८६ किती ते बघून.

आता हे ४०० डॉलर कोणी दिले? शाळेचं उत्पन्न तेवढं घटलं, ते राज्याने भरून दिलं. पैसा कुठून आला? मुख्यतः सेल्स टॅक्समधून. टेक्सासमध्ये व्यक्तीच्या उत्पन्नावर कर नाही, २०१९ मध्ये तर मतदारांनी त्यावर घटनेतच बंदी घातली. त्यामुळे राज्याच्या एकूण करांपैकी निम्म्याहून जास्त एकट्या सेल्स टॅक्सचे. त्याचा दर सव्वासहा टक्के, वर स्थानिक जास्तीत जास्त २ टक्के, एकूण सव्वाआठ.

देशी दुकानातल्या पावतीवर हा टॅक्स फार छान दिसतो. तूरडाळ, आशीर्वादचा आटा, भाजी, यांच्यापुढे काही नाही, कारण किराणा माफ. त्याच पावतीवर उदबत्ती, स्टीलचा डबा आणि काउंटरवरचा गरम समोसा यांच्यावर सव्वाआठ टक्के. तोच समोसा फ्रोझन पाकिटात घेतलात तर माफ. औषधं माफ. २०२३ च्या सप्टेंबरपासून बाळाचे डायपर आणि सॅनिटरी पॅडही माफ झाले. त्या सव्वाआठमधले सव्वासहा ऑस्टिनला, म्हणजे राज्याच्या राजधानीला जातात, उरलेले २ फ्रिस्कोसारख्या गावात शहराकडे आणि शहराच्या विकास महामंडळांकडे. प्लेनोत त्यातला १ टक्का डार्ट या बस-रेल्वे संस्थेला. कॉलिन कौंटीला या पावतीतून एक सेंटही मिळत नाही. बऱ्याच लहान ग्रामीण कौंट्यांना अर्धा टक्का लावता येतो, पण जिथे शहरांनी आणि वाहतूक संस्थांनी २ टक्क्यांची जागा आधीच व्यापली तिथे कौंटीला शिरकाव नाही.

तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर या पावतीतच आहे. लोक खरेदी करतात तेव्हा राज्य श्रीमंत होतं, शहर थोडं होतं, कौंटी होत नाही. कौंटीचा पैसा येतो प्रॉपर्टी टॅक्समधून, थोडा फीमधून (गाडीचं रजिस्ट्रेशन, कोर्टाच्या फी, दस्तनोंदणी) आणि थोडा अनुदानांतून.

राज्याच्या महसुलाचा कल काय सांगतो? टेक्सासचं आर्थिक वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं. २०२२ मध्ये सेल्स टॅक्स आदल्या वर्षापेक्षा १९.३ टक्क्यांनी वाढून ४२.९७ अब्ज डॉलर झाला. २०२३ मध्ये ८.४ टक्के वाढून ४६.५८ अब्ज. २०२४ मध्ये १.२ टक्के वाढून ४७.१६ अब्ज. हे तीन आकडे एकाखाली एक लिहून फ्रिजवर चिकटवा. पहिल्या वर्षीची वाढ बरीचशी महागाईची होती: वस्तू तेवढ्याच, किंमत जास्त, म्हणून टॅक्स जास्त. त्यात कोविडच्या काळात केंद्राने वाटलेला पैसा लोकांच्या हातात होता. शिवाय युक्रेन युद्धानंतर तेल महागलं आणि पर्मियन बेसिनमध्ये, म्हणजे पश्चिम टेक्सासच्या तेलपट्ट्यात, विहिरी खणणारे पाइप, पंप, ट्रकचे सुटे भाग घेऊ लागले. सेल्स टॅक्स म्हणजे फक्त मॉलमधली गर्दी नव्हे. बांधकाम, कारखाने आणि तेलकंपन्यांची खरेदी हा त्याचा मोठा भाग, आणि दर महिन्याचा आकडा आला की आम्ही आधी याच क्षेत्रांकडे बघतो. या महिन्यात जमा झालेला टॅक्स आधीच्या महिन्यातल्या विक्रीचा असतो, हेही लक्षात ठेवा. दिवाळीची खरेदी ऑक्टोबरात झाली तर ती नोव्हेंबरच्या आकड्यात दिसेल. (आपल्या दिवाळीने टेक्सासचा आकडा हलत नाही, पण हिशेब समजायला बरं.)

तेलाचं थोडं वेगळं आहे. तेलाच्या उत्पादनावर ४.६ टक्के आणि नैसर्गिक वायूवर ७.५ टक्के कर आहे. लोकांना वाटतं तेल पडलं की राज्याचं बजेट कोसळतं. तसं लगेच होत नाही, कारण या करातल्या वाढीचा बराच भाग थेट दोन ठिकाणी वळवलेला आहे: आर्थिक स्थैर्य निधी, ज्याला इथे सगळे रेनी डे फंड म्हणतात, आणि २०१४ च्या दुरुस्तीनंतर महामार्ग निधी. म्हणजे तेल उतरलं की पहिला फटका बचतीला आणि रस्त्यांना बसतो. नंतर त्याच तेलपट्ट्यातल्या मिडलंड-ओडेसाकडची खरेदी आटते आणि मग सेल्स टॅक्समधून तो फटका मागच्या दाराने बजेटमध्ये येतो. २०२५ मध्ये तेल वर्षभर उतरत गेलं, ते या दृष्टीने बघा.

मग ती प्रसिद्ध शिल्लक? टेक्सासचं विधिमंडळ दोन वर्षांचं बजेट एकदम करतं, आणि त्याआधी राज्याचा कंट्रोलर किती पैसा हाताशी असेल त्याचा अंदाज जाहीर करतो. १९४२ पासूनचा घटनेतला नियम असा की कंट्रोलरने "एवढा पैसा येईल" असं प्रमाणित केल्याशिवाय बजेट पुढे सरकत नाही. जानेवारी २०२३ मध्ये तेव्हाचे कंट्रोलर ग्लेन हेगर यांनी १८८.२ अब्ज डॉलरचा अंदाज दिला, त्यात ३२.७ अब्ज आदल्या काळातली शिल्लक. जानेवारी २०२५ मध्ये १९४.६ अब्ज, त्यात शिल्लक २३.८ अब्ज. शिल्लक म्हणजे खात्यात उरलेली रक्कम, दरमहा येणारा पगार नव्हे. एकदाच मिळालेल्या बोनसवर कोणी घराचा हप्ता वाढवून घेतला तर आपण त्याला चार शब्द सुनावू. टेक्सासने काही अंशी तेच केलंय. २०२३ मध्ये १८ अब्जांचं प्रॉपर्टी टॅक्स पॅकेज आलं, सूट ४० हजारांवरून १ लाखावर गेली. २०२५ मध्ये ती १ लाख ४० हजारांवर गेली, आणि ६५ च्या पुढच्यांना आणखी ६० हजार, म्हणजे त्यांना एकूण २ लाख. २०२६-२७ या दोन वर्षांच्या साधारण ३३८ अब्जांच्या बजेटमध्ये प्रॉपर्टी टॅक्सच्या दिलाशासाठी ५१ अब्ज ठेवलेत. हा आकडा वरच्या ४७.१६ अब्जांशेजारी ठेवून बघा. दोन वर्षांचा दिलासा हा एका अख्ख्या वर्षाच्या सेल्स टॅक्सपेक्षा मोठा आहे. आणि ही सूट एकदा दिली की दर वर्षी द्यावी लागते, घर घ्यायला येणारे नवे लोक धरून.

आता कौंटीकडे येऊ. टेक्सासमध्ये २५४ कौंट्या आहेत. हॅरिसमध्ये २०२० च्या जनगणनेत ४७ लाखांवर लोक होते आणि पश्चिमेकडच्या लव्हिंग कौंटीत ६४. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या एका मजल्यावर याहून जास्त माणसं असतात! कारभार मात्र दोन्हीकडे एकाच साच्यातला: एक कौंटी जज आणि चार कमिशनर, यांना मिळून कमिशनर्स कोर्ट म्हणतात. नाव कोर्ट, पण काम जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीचं. मोठ्या कौंटीतला कौंटी जज खटले चालवत नाही. शेरीफ, डिस्ट्रिक्ट अॅटर्नी, क्लार्क, टॅक्स असेसर-कलेक्टर हे सगळे स्वतंत्र निवडून येतात. कमिशनर्स कोर्ट त्यांना पैसे देतं, हुकूम देऊ शकत नाही. आणि तुमच्या घराची किंमत ठरवणारं अॅप्रेझल डिस्ट्रिक्ट ही तर तिसरीच संस्था. मोठ्या कौंट्यांत मे २०२४ पासून त्याच्या बोर्डावरही काही सभासद थेट निवडून येतात. मे महिन्यात किंमतीवर हरकत घ्यायला लोक कौंटीच्या बिल्डिंगमध्ये येतात, तेव्हा त्यांना पार्किंगमधूनच परत पाठवावं लागतं.

कौंटीच्या खर्चाचा सगळ्यात मोठा भाग तुरुंग, कोर्टं आणि शेरीफचं खातं. यातला बराच खर्च कौंटीच्या हातात नसतो. राज्याच्या तुरुंग-मानक आयोगाचा नियम: ४८ कैद्यांमागे एक जेलर. ४९ वा कैदी आला की आणखी एक माणूस, तिन्ही पाळ्यांसाठी. वकील परवडत नाही त्या आरोपीला सरकारी खर्चाने वकील द्यायचा, आणि २००१ च्या कायद्यानंतर त्याची शिस्त कडक झाली. चांगलाच कायदा आहे, पण बिलाचा थोडाच भाग राज्य उचलतं. मानसिक आजारामुळे खटल्याला उभं राहू शकत नाही असा आरोपी राज्याच्या रुग्णालयात हलवायचा असतो, पण तिथे खाट मिळेपर्यंत तो कौंटीच्या तुरुंगातच राहतो. कित्येक महिने. त्याची औषधं, त्याच्यावरची जादा नजर, सगळं कौंटीच्या खात्यात. एका वर्षी आमच्या तुरुंगाच्या औषधखर्चाची ओळ मेमध्येच संपली. कारण शोधत गेलो तर दोन-तीन कैदी आणि त्यांची फार महागडी औषधं, एवढंच निघालं. वर्षअखेरीपर्यंत आम्ही रस्त्यांच्या निधीतून पैसे फिरवता येतील का ते बघत होतो. (येत नव्हते. कायदा.)

आता दोरी किती ते बघा. २०१९ च्या कायद्याने कौंट्या आणि शहरांना एक मर्यादा घातली: जुन्या मालमत्तांमधून मिळणारं चालू खर्चाचं उत्पन्न वर्षाला साडेतीन टक्क्यांहून जास्त वाढवायचं असेल तर नोव्हेंबरात मतदारांना विचारा. त्याआधी ही मर्यादा ८ टक्के होती आणि तीही फक्त लोकांनी अर्ज करून मागणी केली तरच. साडेतीन टक्के ऐकायला बरे वाटतात. पण आरोग्य विम्याचा हप्ता, जेलरचे पगार, डांबर हे साडेतीन टक्क्यांनी वाढत नाहीत. २०२२ च्या महागाईत तर नाहीच नाही.

यात एक बारकी फट आहे, आणि कॉलिनचं गणित तिच्यावरच चालतं. ही मर्यादा नव्या बांधकामाला लागू नाही. सेलायना, प्रॉस्पर, अॅना या गावांत दर वर्षी हजारो नवी घरं होतात. त्यांचा टॅक्स मर्यादेबाहेर येतो, म्हणून कॉलिनला दर न वाढवता, कधी कमी करूनही चालवता आलं. ज्या कौंटीत नवीन घर म्हणजे बातमी असते तिथे साडेतीन टक्के म्हणजे साडेतीनच. आणि नवीन घरांबरोबर नवीन माणसं येतात, त्यांच्या गाड्या, त्यांचे घटस्फोट, त्यांचे खटले. वाढत्या गावाचा पैसा आधी येतो, खर्च चार वर्षांनी. म्हणून आज कॉलिनमध्ये सगळं ठीक दिसतं याचा मला तरी फार भरवसा वाटत नाही.

शिवाय कोविडच्या वेळी केंद्राने देशभरातल्या कौंट्यांना दिलेले ६५.१ अब्ज डॉलर. ते कशावर खर्चायचे हे २०२४ संपण्याआधी करारांनी पक्कं करायचं आणि २०२६ अखेरपर्यंत खर्चायचे. बऱ्याच ठिकाणी त्यातून माणसं नेमली गेली, कोर्टातली तुंबलेली प्रकरणं काढायला, आरोग्य खात्यात. पैसा संपतो, माणसं राहतात. "कौंटीवाले रडतात" त्यातलं निम्मं रडणं हे आहे, आणि त्या भागाबद्दल मला फार सहानुभूती नाही. एकदाच येणाऱ्या पैशातून कायमची पदं भरू नयेत, हे बजेट ऑफिसातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वर लिहिलेला बोनस आणि हप्त्याचा दाखला मी राज्याला लावला, तो इथेही लागतो.

राज्याकडून अनुदान येत नाही असं नाही. २०२३ मध्ये ३ लाखांपर्यंत लोकसंख्येच्या कौंट्यांना शेरीफ, डेप्युटी आणि जेलर यांच्या पगारासाठी पैसे मिळू लागले. अटीही आल्या: शेरीफचा किमान पगार ७५ हजार, डेप्युटीचा ४५, जेलरचा ४०. लहान कौंट्यांना मोठाच आधार झाला. पण पगार एकदा वाढवला की कमी करता येत नाही, आणि अनुदान दर दोन वर्षांनी नव्याने मंजूर व्हावं लागतं. ४ जुलै २०२५ च्या पुरात केर (Kerr) कौंटीत शंभराहून जास्त माणसं गेली. ग्वादालुपे नदीवर इशारा यंत्रणेची चर्चा तिथल्या कमिशनर्स कोर्टात दहा वर्षांपूर्वीच झाली होती. साधारण दहा लाख डॉलरचा खर्च होता, अनुदानासाठीचा अर्ज नाकारला गेला, आणि स्वतःच्या टॅक्समधून तो करायची राजकीय ताकद कोणात नव्हती. पुरानंतरच्या विशेष अधिवेशनात सायरनचा कायदा झाला, पैशाची तरतूद झाली. सायरन पुढची वीस वर्षं चालू ठेवायचं काम स्थानिकांचं.

मतदारांना विचारून दर वाढवता येतो का? येतो. ऑस्टिनच्या ट्रॅव्हिस कौंटीने नोव्हेंबर २०२४ मध्ये पाळणाघरं आणि मुलांच्या कार्यक्रमांसाठी १०० डॉलरमागे अडीच सेंट मागितले, लोकांनी दिले. वर्षभराने ऑस्टिन शहराने पाच सेंट मागितले, त्याच मतदारांनी साफ नाकारले. कशासाठी ते स्पष्ट सांगितलं तर लोक देतात, "एकूण खर्चासाठी" म्हटलं की देत नाहीत, असा माझा यावरून अंदाज. तुरुंगातल्या औषधांसाठी कोण मत देईल, सांगा.

आता २०२७. आपल्याकडे नागपूरचं अधिवेशन दोन आठवड्यांत गुंडाळलं म्हणून दर हिवाळ्यात ओरड होते. टेक्सासचं विधिमंडळ नियमितपणे भरतं ते दोन वर्षांतून एकदाच, १४० दिवस. पुढचं १२ जानेवारी २०२७ ला सुरू होईल आणि ३१ मे ला संपेल. विधेयकं आधीच दाखल करायला ९ नोव्हेंबर २०२६ पासून सुरुवात. १२ मार्च २०२७ नंतर सहसा नवीन विधेयक घेत नाहीत. खरं काम मात्र २०२६ मध्येच समित्यांच्या सुनावण्यांत होतं, आणि तिथे कोणी फिरकत नाही.

टॅक्स जाणार का? गव्हर्नर अॅबट यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये जी योजना मांडली ती अशी: घरमालकांचा शाळेचा प्रॉपर्टी टॅक्स पूर्ण बंद, स्थानिक टॅक्सवाढीला दोन-तृतीयांश मतदारांची मान्यता, स्थानिक खर्चाच्या वाढीला साडेतीन टक्के किंवा लोकसंख्या अधिक महागाई यांतलं जे कमी ते, आणि मूल्यांकन पाच वर्षांतून एकदा, तेही ३ टक्क्यांच्या मर्यादेत. शाळेचा टॅक्स बंद करायला घटनादुरुस्ती लागेल, म्हणजे हाउसमध्ये १५० पैकी १००, सेनेटमध्ये ३१ पैकी २१, आणि मग मतदार. मतदारांचं काही अवघड नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये मतपत्रिकेवरच्या सतराच्या सतरा दुरुस्त्या पास झाल्या. अडचण पैशाची आहे. ५१ अब्जांनी जो टॅक्स कमी झाला तो पूर्ण बंद करायला त्याहून कितीतरी जास्त लागेल, आणि सेल्स टॅक्स सव्वासहावरून वर नेणं किंवा डाळ-आट्यावर लावणं यांतलं काहीही कोणाला बोलून दाखवायचं नाही. म्हणून माझा अंदाज: सूट आणखी वाढेल, टॅक्स जाणार नाही. कौंट्यांची साडेतीनची मर्यादा आणखी आवळायचा प्रयत्न मात्र नक्की होईल. २०२५ च्या विशेष अधिवेशनात मोठ्या कौंट्यांसाठी ती अडीचवर आणायचं विधेयक सेनेटमधून पुढे गेलं होतं, हाउसने तिथे १ टक्का घातला, आणि त्या ओढाताणीत ते पडलं. पडलेलं विधेयक टेक्सासमध्ये दोन वर्षांनी हमखास उठतं. शाळेच्या टॅक्सचा खर्च राज्यावर पडतो, कौंटीची मर्यादा आवळायला राज्याला एक पैसा लागत नाही. ऑस्टिनमध्ये कुठली गोष्ट आधी होते हे यावरून कळतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण आपल्या मंडळींत बऱ्याच जणांना लागू आहे. जुनं घर न विकता भाड्याने दिलं असेल तर त्याला होमस्टेडची मर्यादा नाही. २०२३ मध्ये अशा मालमत्तांसाठी वर्षाला २० टक्क्यांची मर्यादा आणली, पण फक्त २०२४, २०२५ आणि २०२६ साठी. ३१ डिसेंबर २०२६ ला ती संपते. २०२७ ची किंमत १ जानेवारीच्या तारखेने धरली जाते, आणि विधिमंडळ भरतं त्यानंतर अकरा दिवसांनी. मुदत वाढवली नाही तर साठलेली सगळी वाढ एका एप्रिलच्या नोटिशीत येऊ शकते.

आणि ऑगस्टमध्ये कमिशनर्स कोर्टात दराची सुनावणी असते. जुलै २५ च्या सुमारास प्रमाणित किंमती येतात, मग प्रस्तावित दर जाहीर होतो, आणि ट्रुथ-इन-टॅक्सेशनच्या वेबसाइटवर तुमच्या घराचा पत्ता टाकला की नेमका किती टॅक्स पडेल ते दिसतं. "नो-न्यू-रेव्हेन्यू रेट" ही ओळ शोधा. गेल्या वर्षीइतकंच उत्पन्न घ्यायचं असतं तर दर काय असता ते ती सांगते. "आम्ही दर वाढवला नाही" असं कोणी म्हटलं आणि दर त्या ओळीपेक्षा वर असेल, तर टॅक्स वाढवलाय. मी अशा पंधरा-वीस सुनावण्यांना पहिल्या रांगेत फाइल घेऊन बसलोय. एकदा तर आमच्या मागच्या साठ खुर्च्यांत फक्त एक आजोबा होते, आणि ते चुकून आले होते, त्यांना गाडीचं रजिस्ट्रेशन करायचं होतं.